दोन ओळींमधून

यंत्रांविषयीं लिहिण्याचा अधिकार मला मुळींच नाहीं. गेलीं तीस वर्षें मी महाविद्यालयांत इंग्रजी काव्य शिकवीत आलों आहें. घरांतील शिवणयंत्राचा पट्टा निसटला, तर तो बसविण्याचें काम आमच्या सौभाग्यवतींकडे असतें. आणि मोटारीचें झांकण उघडून आंत डोकावण्याचा प्रसंग आला, म्हणजे माझा चेहरा परीक्षेच्या दालनांतील अभ्यास न केलेल्या विद्यार्थ्यासारखा होतो. असें असतां आज शेतींतील जुन्या ट्रॅक्टरांविषयीं मी लिहावयास बसलों आहें, याचें वाचकांना नवल वाटेल. पण या यंत्राच्या इतिहासांत माझ्या स्वतःच्या एका चुकीचा उलगडा मला सांपडला, आणि तो सांपडावयास मला तेवीस वर्षें थांबावें व सातासमुद्रांपलीकडे जावें लागलें.

चूक प्रथम सांगतों. आमचें घर अमरावती जिल्ह्यांतलें, शेतकऱ्याचें. काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. मी धाकटा म्हणून शिकलों आणि शहरीं आलों. दादा घरीं राहिले. १९९६ च्या उन्हाळ्यांत सुटीला घरीं गेलों, तेव्हां मला नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. पाहतों तों शेजारच्या गांवचा एक लाल ट्रॅक्टर भाड्यानें आणलेला, आमच्या वावरांत नांगरट करीत होता. आमच्या बैलांना जें काम आठ दिवस पुरलें असतें, तें त्यानें दुपारपर्यंत आटोपलें. त्या रात्रीं अंगणांत बाजेवर बसून मीं बाबांना कागदावर हिशेब मांडून दाखविला: बैलांची वैरण किती, सरकीची ढेप किती, वर्षांतून कामाचे दिवस किती आणि बसून खाण्याचे किती. आंकडे सगळे माझ्या बाजूचे होते. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि एवढेंच म्हणाले, "डवऱ्याचं कसं करशीन?" मीं म्हटलें, "भेटते नं भाड्यानं." पुढच्या आठवड्याच्या बाजारीं जोडी विकली गेली.

ज्या वाचकांचा शेतीशीं संबंध मंडईपुरताच आहे, त्यांच्यासाठीं डवऱ्याचा खुलासा केला पाहिजे. देशावर ज्याला कोळपें म्हणतात तोच आमच्या वऱ्हाडांतला डवरा. पीक वीतभर झालें कीं दोन ओळींच्या मधून हें औत बैलांकडून ओढवितात. त्याची लोखंडी पास मातीच्या वरच्या थरांतून सरकते, तण मुळाशीं कापलें जातें, भेगा बुजतात आणि खालची ओल खालींच राहते. बैल ओळीवर पाय न देतां मधून चालतात. कोंवळ्या पिकाला त्यांनीं तोंड लावूं नये म्हणून त्यांना मुसकीं बांधलेलीं असतात. नांगरणी ही बळाची गोष्ट आहे. डवरणी ही पाय कोठें ठेवावा हें कळण्याची गोष्ट आहे. आणि ती हंगामांत एकदां नव्हे, तीन-चारदां करावी लागते.

त्या वर्षीं मृग वेळेवर लागला. पेरणी साधली. मग झड लागली ती आठ-दहा दिवस. उघडीप पडून वाफसा आला, तेव्हां गांवांतील प्रत्येक जोडीला आपल्या धन्याच्याच वावरांत काम होतें. आमची पाळी येण्यास बारा दिवस लागले. बारा दिवसांत काळ्या जमिनींत तण काय करतें, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला सांगावयास नको. कापूस तणांत बुडाला. बायका लावून निंदण केलें, त्यांत हातची रोकड गेली, आणि पीक निम्मेंहि आलें नाहीं. पोळ्याच्या दिवशीं आईनें मातीच्या बैलांची पूजा केली. बाबा दिवसभर वावरांतच राहिले. दिवाळीनंतर कर्ज काढून दुसरी जोडी आणली. बाबा त्यानंतर अकरा वर्षें जगले, पण त्या कागदाविषयीं मला एका शब्दानेंहि बोलले नाहींत. बोलले असते तर बरें झालें असतें.

२०१९ च्या ऑगस्टअखेर मी पुतण्याकडे अमेरिकेंत गेलों होतों. हा दादांचा थोरला मुलगा. कापसाच्या वावरांतून उठून तो संगणकाच्या नोकरीसाठीं आयोवा राज्यांत जाऊन बसला आहे, आणि गंमत अशी कीं, त्याच्या घराच्या खिडकींतून दिसतें तें शेतच. नजर पोहोंचेल तेथवर मका. एका सुटीच्या दिवशीं त्यानें मला माउंट प्लेझंट या गांवीं नेलें. तेथें १९५० पासून जुन्या शेतीयंत्रांची मोठी जत्रा भरत आली आहे. देव्हाऱ्यांतल्या टाकांप्रमाणें घासूनपुसून लखलखीत केलेले शेंकडों ट्रॅक्टर तेथें रांगेनें उभे होते. लाल, हिरवे, नारिंगी. आणि प्रत्येकाशेजारीं त्याचा म्हातारा मालक.

त्यांत एक राखाडी रंगाचा, लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर पाहून मी थबकलों. त्याचा आकार विलक्षण होता. पुढचीं दोन चाकें इतकीं जवळजवळ कीं, दुरून एकच वाटावें. मागचीं दोन उंच आणि दूरदूर. आणि मधला सगळा सांगाडा एवढा वर उचललेला कीं, खालून शेळी निघून जावी. एखादा सोंवळा मनुष्य धोतर सांवरून चिखलांतून चालतो, तसा तो दिसत होता. शेजारीं खुर्ची टाकून ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ बसले होते. मीं कुतूहलानें विचारलें, हा इतका उंच कां? ते म्हणाले, मका कोठून जाणार? मग माझ्याकडे निरखून पाहून त्यांनीं विचारलें, तुमच्या घरीं शेती आहे काय? मीं सांगितलें, आहे, कापसाची. तेव्हां ते खुर्चींतून उठले, आणि त्या ट्रॅक्टराच्या पोटाखालीं काठी फिरवून त्यांनीं मला जें सांगितलें, त्याचा सारांश असा: आमच्या आजोबांकडे आधीं दुसरा एक ट्रॅक्टर होता. तो नांगरत असे उत्तम. पण मक्याच्या ओळींत त्याला घालतां येत नसे, म्हणून घोडे ठेवावेच लागत. यंत्राचेंहि खाणें आणि घोड्यांचेंहि. हा आला तेव्हां घोडे गेले.

सातासमुद्रांपलीकडे एका अनोळखी म्हाताऱ्याच्या तोंडून बाबांचा प्रश्न ऐकण्याचा योग मला असा आला. परत आल्यावर मीं या विषयावरील मिळतील तीं पुस्तकें वाचून काढलीं. विद्यार्थ्यांना मी ज्या तन्मयतेचा उपदेश करीत आलों, ती मला त्या वेळीं प्रथमच साधली असावी.

शेतावर चालणारें तेलाचें इंजिन ही कल्पना जुनी आहे. १८९२ सालीं याच आयोवांत जॉन फ्रोलिक या गृहस्थानें पुढेंहि जाणारें आणि मागेंहि येणारें असें पेट्रोल-इंजिन बनविलें होतें. त्यापुढचीं पंचवीस वर्षें अवजड, प्रचंड आणि महाग यंत्रांचीं गेलीं. तीं येथें सोडून देतों. खरी खळबळ उडविली ती हेन्री फोर्डनें. १९१७ पासून त्याचा 'फोर्डसन' मोटारींप्रमाणेंच घाऊक प्रमाणावर कारखान्यांतून बाहेर पडूं लागला. तो लहान होता, स्वस्त होता. १९२२ सालीं तर फोर्डनें त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत खालीं आणली. १९२८ सालीं अमेरिकेंतील त्याचें उत्पादन थांबलें, तोंवर सात लाखांहून अधिक फोर्डसन तयार झाले होते. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. शेतावरील कष्टांचा त्याला मनापासून तिटकारा होता आणि घोड्यांविषयीं त्याला फारसें प्रेम नव्हतें. शेतकऱ्याला त्यानें नांगर ओढणारी शक्ति दिली आणि प्रश्न सुटला असें मानलें. पण फोर्डसनचें पोट जमिनीलगत होतें. मका गुडघ्याएवढा झाला कीं हा ट्रॅक्टर बांधावर उभा राही, आणि तबेल्यांतून घोडे बाहेर काढावे लागत. अमेरिकेंतला सर्वांत यशस्वी कारखानदार आणि अमरावती जिल्ह्यांतला एक नवशिका प्राध्यापक यांनीं एकच चूक करावी, याचें मला थोडें समाधान वाटलें हें कबूल करतों. फरक एवढाच कीं, त्याच्या चुकीचें नुकसान त्याला सोसण्यासारखें होतें.

फोर्डच्या स्वस्ताईनें घायाळ झालेली दुसरी कंपनी म्हणजे शिकागोची इंटरनॅशनल हार्वेस्टर. घोड्यांनीं ओढावयाचीं अवजारें विकण्यांत हिचा जन्म गेला होता, त्यामुळें घोडा शेतावर नेमकें काय काय करतो हें हिला ठाऊक होतें. आधीं तिनें केवळ कोळपणीसाठींच एक मोटार-कोळपें काढून पाहिलें. पण तें डोकेंजड असल्यामुळें उताराच्या जागीं कलंडे, आणि एकाच कामासाठीं एवढी किंमत मोजणार कोण? त्यांच्या बर्ट बेंजामिन या अभियंत्यानें मात्र हा नाद सोडला नाहीं. त्यानें प्रश्नच उलटा केला. यंत्राला किती ओढतां येईल हें न विचारतां, घोड्याला शेतावर धरून ठेवणारें शेवटचें काम कोणतें, हें त्यानें विचारलें. आणि त्या कामापासून आरंभ करून यंत्राची घडण केली. पिकाच्या डोक्यावरून जातां यावें म्हणून आंस उंच. दोन ओळींच्या मधल्या एकाच वाटेनें जावें म्हणून पुढचीं चाकें जोडीनें. दोन बाजूंच्या दोन ओळी पोटाखालून जाव्यात म्हणून मागचीं चाकें दूर. कोळप्याच्या पासा चालकाच्या पाठीमागें नव्हे तर डोळ्यांपुढें, आणि सुकाणूं किंचित् वळलें कीं त्याहि त्या बाजूस सरकाव्यात अशी योजना. यंत्राचें नांव ठेविलें 'फार्मॉल', म्हणजे शेतावरचें सगळें करणारा. १९२४ सालीं असे दोनशें ट्रॅक्टर विकले गेले. स्वतः कंपनीलाहि त्याची पुरती खात्री नव्हती. पण १९२६ मध्यें मिसिसिपीच्या कांठीं रॉक आयलंड येथें फार्मॉलसाठीं स्वतंत्र कारखाना चालूं झाला, आणि १९३० पर्यंत एक लाख फार्मॉल शेतांवर गेले.

या इतिहासांत मला सर्वांत मोहविणारी गोष्ट कोणती असेल, तर ती ओळींमधल्या अंतराची. आयोवांतला मका त्या काळीं सुमारें ४० ते ४२ इंच अंतरानें पेरीत. कां? मक्याच्या रोपाला तेवढी जागा लागते म्हणून नव्हे; घोड्याला लागते म्हणून. कोळपें ओढणारा घोडा पीक न तुडवितां जाऊं शकेल एवढी ती वाट असे. इतकेंच नव्हे, तर शेताच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ठराविक अंतरावर गांठी असलेली एक तार ताणून, प्रत्येक गांठीशीं दाणे टाकीत. म्हणजे उभ्या ओळींप्रमाणें आडव्या ओळीहि सरळ साधत, आणि कोळपें दोन्ही दिशांनीं फिरवितां येई. साऱ्या राज्याची जमीन अशी घोड्याच्या अंगाच्या मापानें आंखलेली होती. फार्मॉल आला तो त्या मापाच्या वाटेनेंच चालावयास शिकून आला. घोडे गेल्यानंतरहि कित्येक वर्षें शेतांत घोड्याएवढी जागा रिकामी राहिलीच.

हें माप न पाळण्याचें फळ डीअर कंपनीला भोगावें लागलें. १९२८ सालीं तिनें आपला कोळपणीचा ट्रॅक्टर आणला तो एकदम तीन ओळींचा. मधली ओळ पुढच्या कमानदार आंसाखालून जावयाची. कल्पना बुद्धिमान होती. पण शेतकऱ्यांच्या सरावाचीं अवजारें दोन ओळींचीं. तीन ओळींचें गणित त्यांना रुचलें नाहीं. कंपनीनें मुकाट्यानें पुढचीं चाकें जवळ आणलीं, आणि १९३४ सालीं तिचा 'मॉडेल ए' निघाला तो मागचीं चाकें आंसावर आंतबाहेर सरकवून कोणत्याहि ओळींच्या मापाचीं करतां येतील असा. त्याच्या आडव्या दोन नळकांड्यांचा टप्-टप् आवाज कोसभर ऐकूं येई. त्या जत्रेंतहि तो आवाज आला कीं म्हाताऱ्यांच्या माना आपोआप तिकडे वळत. पुढें लोखंडी चाकें जाऊन रबरी चाकें आलीं. अ‍ॅलिस-चामर्स कंपनीनें १९३२ मध्यें तीं रूढ केलीं. १९३६ सालीं फार्मॉल राखाडीचा लाल झाला. १९३९ मध्यें रेमंड लोई या नामांकित कलावंतानें त्याला गुळगुळीत, गोलसर रूप दिलें. संग्राहक लोक या रूपावर लुब्ध असतात. मला विचाराल तर तो उघडा, हाडें दिसणारा राखाडी ट्रॅक्टरच अधिक प्रामाणिक वाटतो.

आतां घोड्यांचा हिशेब. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेंतील शेतांवर घोडे आणि खेचरें मिळून सुमारें २ कोटि ६० लाख जनावरें होतीं. १९५४ च्या गणतींत ट्रॅक्टरांची संख्या प्रथमच त्यांच्याहून अधिक भरली. १९६० पर्यंत जनावरें सुमारें ३० लाख उरलीं. या जनावरांच्या चाऱ्यादाण्यासाठीं एके काळीं सुमारें ९ कोटि एकर जमीन गुंतलेली असे. ती मोकळी झाली, हा ट्रॅक्टराचा मोठा विजय म्हणून सांगतात. अंगणांतल्या माझ्या कागदावरचाच तो हिशेब, फक्त शून्यें अधिक. पण त्या मोकळ्या जमिनींतलें धान्यहि शेवटीं बाजारांतच आलें, आणि पूर्वीं जो शेतकरी आपली शक्ति आपल्याच शेतांत पिकवीत असे, तो ती तेलवाल्याकडून विकत घेऊं लागला. हें वाईट झालें असें मी म्हणत नाहीं. घोड्यांमागें पहांटे चार वाजतां उठणाऱ्या त्या पिढीनें मोठ्या आनंदानें ट्रॅक्टर घेतला, आणि त्यांच्या जागीं मी असतों तर मींहि घेतला असता.

त्या उंच, तीनचाकी दिसणाऱ्या ट्रॅक्टरांचाहि काळ मग संपला, आणि तो दुसऱ्या एखाद्या यंत्रानें संपविला नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर तणनाशक औषधें आलीं. तण फवाऱ्यानें मरूं लागलें. ओळींमधून जाण्याचें कारणच उणावलें. मग घोड्यासाठीं राखलेली ती रिकामी वाटहि लोकांनीं पेरून टाकली. ओळी ३० इंचांवर आल्या. रॉक आयलंडच्या कारखान्यांतून शेवटचा ट्रॅक्टर १९८५ च्या मे महिन्यांत बाहेर पडला.

आणि आमच्या वावरांतला तो लाल ट्रॅक्टर? त्याचें कुळ शोधतां मला हंसावें कीं रडावें हें कळेना. १९६३ सालीं महिंद्र, व्होल्टास आणि हीच इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनीं मिळून मुंबईंत ट्रॅक्टरची कंपनी काढली, आणि बी-२७५ नांवाचा लाल ट्रॅक्टर बनविण्यास आरंभ केला. १९९६ मध्यें आमच्याकडे आलेला ट्रॅक्टर याच वंशाचा होता. गोत्र फार्मॉलचेंच, पण ही शाखा इंग्लंडांत वाढलेली, अंगानें बुटकी, नांगर आणि गाडी ओढणारी. ओळींमधून चालण्याची विद्या असलेले उंच भाऊबंद तिकडेच राहिले होते. बाबांनीं हें सारें न वाचतां, ट्रॅक्टराच्या पोटाकडे एकदां पाहून ओळखलें होतें.

गेल्या दिवाळींत घरीं गेलों, तेव्हां आयोवांत पुतण्यानें घेतलेलें चित्रण मीं दादांना दाखविलें. त्यांच्याकडे अजून एक जोडी आहे. गांवांत आतां मोजक्याच उरल्या आहेत. बहुतेक वावरांत फवारा फिरतो, आणि डवरणीजोगे लहान ट्रॅक्टरहि आतां आपल्याकडे मिळतात. दादा चष्मा लावून फोनच्या त्या लहानशा पडद्याकडे बराच वेळ पाहत होते. तो राखाडी फार्मॉल मक्याच्या ओळींवरून, एकहि पान न मोडतां, संथपणें येत होता.

"धुऱ्यावर वळतांना तासावर नाई चढत काय?" त्यांनीं विचारलें.

मीं सांगितलें कीं, सुकाणूं पुरतें फिरविलें म्हणजे त्या बाजूच्या मागच्या चाकाला तारेनें आपोआप ब्रेक लागतो, आणि यंत्र त्या चाकावर जागच्याजागीं वळतें. बैलाची जोडी वळते तसेंच. आंतला थांबतो, बाहेरचा फिरतो.

दादांनीं मान हलविली. थोड्या वेळानें म्हणाले, "मंग त्या घोड्यायचं काय केलं?"

"विकले," मीं म्हटलें.

"कोनाले?"

तें मला ठाऊक होतें. त्या गृहस्थांनीं जत्रेंत मला तेंहि सांगितलें होतें. मीं उत्तर दिलें नाहीं. दादांनींहि पुन्हां विचारलें नाहीं. फोन हातांत तसाच धरून ते म्हणाले, "बाबा आपले बैल पाह्याले गेले होते. दोन खेप. घेनाऱ्याच्या गावाले, पायी. तुले सांगतलं नाई."

मी गप्प बसलों. आंत वहिनी दिवे लावीत होत्या. दादांनीं फोन माझ्यापुढें केला आणि म्हणाले, "ते वळते ते दाखव बरं अजून एक डाव."